टॉवर नसलेल्या विमानतळावर विमानं एकमेकांना कशी चुकवतात

हवेत दोन विमानं आदळली असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर धुकं, ढग आणि काळोख येतो. छोट्या विमानांच्या बाबतीत चित्र बरोबर उलटं आहे. अमेरिकेची हवाई प्रशासन संस्था, म्हणजे एफएए, वैमानिकांना या विषयावर जे सांगत आली आहे त्यानुसार बहुतेक टकरी लख्ख उजेडात, स्वच्छ हवेत, शनिवार-रविवारी, विमानतळाच्या आसपास आणि कमी उंचीवर होतात. समोरासमोरची धडक त्यात कमी असते. वेगवान विमानाने हळू चाललेल्या विमानाला मागून किंवा वरून गाठलं, हा प्रकार जास्त.

थोडा विचार केला की यात नवल वाटत नाही. हवा वाईट असेल तर हौशी वैमानिक घरीच बसतो. हवा चांगली आणि सुट्टीचा दिवस असला की सगळेच विमान बाहेर काढतात. आकाश कितीही मोठं असलं तरी उतरायची धावपट्टी एकच असते. पन्नास मैलांवर विखुरलेली विमानं शेवटी त्याच चिंचोळ्या पट्टीच्या टोकाशी, त्याच उंचीवर, साधारण त्याच वेळी येऊन पोहोचतात. शिवाय नेमक्या त्याच वेळी वैमानिकाचं लक्ष वेग, उंची, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) आणि वारा यांत वाटलं गेलेलं असतं.

मोठ्या विमानतळावर ही गर्दी ओळीत लावायला टॉवरमध्ये नियंत्रक बसलेला असतो. पण टॉवर असलेले विमानतळ संख्येने थोडे. अमेरिकेत लोकांच्या वापरासाठी खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांतल्या जेमतेम दहापैकी एकावर टॉवर आहे. त्यांतलेही बरेच टॉवर रात्री बंद होतात आणि तो विमानतळ सकाळपर्यंत बिनटॉवरचा होतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड या देशांतही छोट्या विमानांचा बराचसा वावर अशाच ठिकाणी असतो. तिथे ‘आता तू उतर, तू थांब’ असं सांगणारं कोणी नसतं. वैमानिकांनी एकमेकांना पाहायचं, एकमेकांना सांगायचं आणि एकमेकांना वाट द्यायची.

हे ऐकून प्रवाशाला धडकी भरते. प्रत्यक्षात रोज हजारो विमानं अशा ठिकाणी सुखरूप उतरतात. त्याचं श्रेय आपण सहज वैमानिकांच्या तीक्ष्ण नजरेला देतो, आणि माझ्या मते तिथेच चुकतो. माणसाची नजर या कामाला फार तोकडी आहे. टॉवर नसलेल्या विमानतळावरचे सगळे नियम आणि सवयी या तोकडेपणाला आधार देण्यासाठी आहेत. प्रत्येकाने अपेक्षित ठिकाणीच असावं, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांना अख्खं आकाश धुंडाळावं लागणार नाही, ही त्यामागची कल्पना. म्हणून आधी डोळ्यांकडे पाहू.

समोरून येणारं विमान दिसल्यापासून ते चुकवेपर्यंत किती वेळ लागतो, याचा एक हिशेब एफएएच्या मार्गदर्शक पत्रकात पूर्वीपासून दिलेला आहे. वस्तू नजरेत येण्यासाठी ०.१ सेकंद. ते विमान आहे हे ओळखायला १ सेकंद. आपण टकरीच्या मार्गावर आहोत हे उमगायला ५ सेकंद. डावीकडे वळावं की उजवीकडे, हे ठरवायला ४ सेकंद. हात हलायला ०.४ सेकंद आणि विमानाने प्रतिसाद द्यायला २ सेकंद. एकूण १२.५ सेकंद. यातला बहुतेक वेळ पाहण्यात जात नाही, समजण्यात आणि ठरवण्यात जातो. नजर कितीही तेज असली तरी त्या नऊ सेकंदांत ती काही बचत करू शकत नाही.

आता दोन छोटी विमानं प्रत्येकी १०० नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटरने, एकमेकांकडे येत आहेत असं धरा. साडेबारा सेकंदांत ती मिळून जवळपास १,३०० मीटर अंतर कापतात. म्हणजे टक्कर टाळायची तर समोरचं विमान किमान तेवढ्या अंतरावर असतानाच दिसायला हवं. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं छोटं विमान. त्याच्या पंखांची लांबी ११ मीटर. १,३०० मीटरवरून ते ११ मीटर साधारण अर्ध्या अंशाचे दिसतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे. ऐकायला हे बरंच वाटतं. पण चंद्र भरीव गोल असतो आणि समोरून पाहिलेला पंख ही एक बारीक रेघ असते. मधलं धड तर याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. त्यात मागे शहर असेल, शेतं असतील किंवा सूर्य असेल, तर ती रेघ त्यात विरघळून जाते.

पुढचा हिशेब आणखी वाईट आहे. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो. १२ सेकंद आधी जे अर्ध्या अंशाचं होतं ते ६ सेकंद आधी एक अंशाचं, ३ सेकंद आधी दोन अंशांचं, दीड सेकंद आधी चार अंशांचं होतं. म्हणजे बराच वेळ ते ठिपकाच राहतं आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम फुलून काच भरून टाकतं. वाचलेले वैमानिक ‘ते कुठून तरी अचानक आलं’ असं सांगतात. ते खोटं बोलत नसतात, पण विमान अचानक आलेलं नसतं.

भूमितीचा सगळ्यात कपटी भाग तर पुढेच आहे. दोन विमानं सरळ रेषेत, ठरावीक वेगाने उडत असतील आणि त्यांची खरोखरच टक्कर होणार असेल, तर एका वैमानिकाच्या काचेवर दुसरं विमान सरकत नाही. ते एकाच जागी चिकटल्यासारखं राहतं आणि फक्त मोठं होत जातं. जे काचेवर डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली सरकतंय ते आपल्याला चुकवून जाणार. माणसाच्या नजरेचा कडेचा भाग हालचाल चटकन टिपतो, स्थिर गोष्ट मात्र त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणजे निरुपद्रवी विमानं नजरेत भरतात आणि घातक विमान काचेवरच्या किड्याच्या डागासारखं निमूट बसून राहतं. म्हणूनच प्रशिक्षक उड्डाणाआधी काच पुसायला लावतात, आणि शिकाऊ वैमानिकाला ते सुरुवातीला उगाचचं काम वाटतं.

डोळ्याचा जो भाग बारकावे टिपतो त्याचा आवाका जेमतेम दोन अंश असतो. बाकी सगळं अंधुक असतं आणि मेंदू ते भरून काढत असतो. त्यामुळे आकाशावरून नजर झर्रकन फिरवली तर पाहिल्याचं समाधान मिळतं, दिसत काहीच नाही. शिकवलेली पद्धत अशी: आकाशाचे साधारण दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद नजर थांबवायची, मग पुढच्यावर जायचं. रिकाम्या निळ्या आकाशात पाहत राहिलं तर डोळे आपोआप काही मीटरांवर स्थिरावतात आणि दूरचं पुसट होतं. म्हणून मधूनमधून क्षितिजावरच्या डोंगराकडे किंवा ढगाच्या कडेकडे पाहून डोळे पुन्हा दूरवर लावायचे.

हे सगळं नीट केलं तरी विमानाचं स्वतःचं शरीर आड येतं. पंख वर असलेल्या विमानातून खालचं छान दिसतं, वरचं झाकलं जातं. पंख खाली असलेल्या विमानात याच्या उलट. आता खालच्या पंखांचं विमान वर आणि वरच्या पंखांचं विमान त्याच्या खाली, दोघंही एकाच धावपट्टीकडे उतरत आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसत नाही, आणि वरचं हळूहळू खालच्यावर बसत जातं. टॉवर नसलेल्या विमानतळांवर घडलेल्या टकरींमध्ये ही रचना पुन्हा पुन्हा भेटते.

१९९१ साली ऑस्ट्रेलियाच्या हवाई अपघात तपास खात्याने ‘पाहा आणि चुकवा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला. आजही या विषयातलं ते सगळ्यात नेमकं लिखाण आहे. त्यातली एक गोष्ट इथे फार कामाची आहे: विमान कुठे शोधायचं हे आधी ठाऊक असेल तर शोध आठपट परिणामकारक होतो. कोणी इशारा दिला नसताना आठ सेकंद शोधून जे साधतं ते इशारा मिळाल्यावर एका सेकंदात साधतं. बिनटॉवरच्या विमानतळावर जे जे करतात ते या आठपटीसाठी करतात असं म्हटलं तरी चालेल.

यातली पहिली गोष्ट म्हणजे सर्किट, अमेरिकेत ज्याला ट्रॅफिक पॅटर्न म्हणतात. धावपट्टीच्या एका बाजूला हवेत एक आयत कल्पायचा. त्याची एक लांब बाजू म्हणजे धावपट्टी. उतरणारं विमान आधी धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने, अर्धा ते एक मैल अंतर ठेवून जातं, ही डाउनविंड. मग काटकोनात वळतं, तो बेस. पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत येतं, तो फायनल. उंची साधारणपणे जमिनीपासून १,००० फूट. मोठी किंवा टर्बाइन इंजिनाची विमानं १,५०० फुटांवर. वळणं डावीकडे, कारण वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि धावपट्टी त्याला त्याच बाजूने नीट दिसते. डोंगर किंवा वस्ती आड येत असेल तिथे उजवं सर्किट ठरलेलं असतं आणि ते नकाशावर आणि जमिनीवरच्या खुणांतून दाखवलेलं असतं.

हा आयत म्हणजे शिस्तीसाठी शिस्त नव्हे. कोणी ‘डाउनविंडला आहे’ म्हणालं की ऐकणाऱ्याला क्षणात उमगतं: अमुक बाजू, अमुक उंची, अमुक दिशा. अख्ख्या आकाशाचा शोध काचेच्या एका कोपऱ्यावर येतो. म्हणून मैलभर लांब डाउनविंड ओढणारा, किंवा ३०० फूट जास्त उंचीवर फिरणारा वैमानिक, नियम मोडत नसला तरी, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढून नाहीसा होतो. तो आहे, पण जिथे लोक पाहत आहेत तिथे तो नाही.

या आयतात शिरायचं कसं, यावर वैमानिकांत जितका वाद होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. अमेरिकेत शिफारस अशी की डाउनविंडच्या मध्यावर, ४५ अंशांच्या कोनातून, सर्किटच्याच उंचीवर यावं. धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूने येत असाल तर सर्किटपेक्षा किमान ५०० फूट उंचीवरून धावपट्टी ओलांडा, पुरेसं पुढे जा, तिथे उंची कमी करा आणि वळून ४५ अंशांवर या. गर्दी नसेल तर धावपट्टीच्या मध्यावरून सर्किटच्या उंचीवर सरळ डाउनविंडला मिळण्याचाही पर्याय आहे, पण तेव्हा आधीपासून तिथे असलेल्यांना वाट द्यायची. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये पद्धत वेगळी: सर्किटपेक्षा जास्त उंचीवर, ब्रिटनमध्ये २,००० फुटांवर, धावपट्टीच्या वर यायचं, खाली कोण आहे, वारा कुठून आहे ते पाहायचं, मग सर्किट नसलेल्या बाजूला जाऊन उंची कमी करायची आणि धावपट्टीच्या पुढच्या टोकावरून ओलांडून डाउनविंडला जायचं. दोन्ही पद्धतींचे कट्टर समर्थक आहेत. मला दोन्हींत एक गोष्ट समान दिसते, आणि तीच महत्त्वाची: उंची कमी करणं सर्किटच्या बाहेर उरकायचं. इतरांच्या डोक्यावरून खाली उतरत सर्किटमध्ये शिरणं म्हणजे वर सांगितलेली दोन पंखांची आंधळी रचना आपल्या हाताने तयार करणं.

धावपट्टीचं कोणतं टोक वापरायचं, हेही कोणी सांगत नाही. विमानं वाऱ्याच्या विरोधात उतरतात, त्यामुळे वारा नीट असेल तर विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे पाहून सगळे एकाच निष्कर्षाला येतात. अडचण येते ती वारा पडलेला असताना. एकाने एक टोक निवडलं, दुसऱ्याने दुसरं, की दोघं एकाच पट्टीवर समोरासमोर. म्हणून वारा नसताना आधीपासून जे टोक वापरात आहे तेच धरायचं, आपल्याला दुसरं सोयीचं असलं तरी.

एकमेकांच्या समोर आलोच तर? रिकाम्या व्हरांड्यात दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला. हवेत त्यासाठी वेळ नसतो. त्यामुळे नियम असा की समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचं. मागून ओलांडणाऱ्यानेही पुढच्याच्या उजवीकडूनच, सुरक्षित अंतर ठेवून जायचं, आणि हक्क पुढच्याचा. वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. बलून आणि ग्लायडर यांना इंजिनाच्या विमानाने वाट द्यायची. फायनलवर असलेल्याला इतरांपेक्षा आधी हक्क, आणि दोघं उतरत असतील तर खालच्याला. पण याच नियमात पुढे स्पष्ट म्हटलं आहे की या हक्काचा फायदा घेऊन कोणी दुसऱ्याच्या पुढे घुसू नये. मुद्दाम लिहावं लागलं, यावरून अनुभव काय होता ते समजावं.

दुसरा आधार रेडिओचा. प्रत्येक विमानतळाची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. तिच्यावर कोणी उत्तर देईलच असं नाही, पण आसपासच्या सगळ्यांनी ती ऐकायची आणि आपण कुठे आहोत ते सांगायचं. अमेरिकेत शिफारस १० मैलांवरून ऐकायला आणि बोलायला लागावं अशी आहे. बोलायची पद्धत ठरलेली: विमानतळाचं नाव, विमानाची ओळख, जागा, उंची, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. नाव दोनदा घेण्यामागे कारण आहे. फ्रिक्वेन्सी मोजक्याच असल्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी आसपासच्या अनेक विमानतळांना वाटलेली असते, आणि हवेतून आवाज लांबवर पोहोचतो. ‘डाउनविंडला आहे’ हे शब्द चाळीस मैलांवरच्या दुसऱ्याच विमानतळाबद्दल असू शकतात, आणि सुरुवातीचं नाव तर बऱ्याचदा बटण उशिरा दाबल्यामुळे कापलं जातं.

कोण बोलतंय याचा घोळ किती महाग पडतो ते १९ नोव्हेंबर १९९६ ला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी विमानतळावर दिसलं. युनायटेड एक्सप्रेसचं बीच १९०० विमान उतरत होतं. छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी एक किंग एअर नावाचं दोन इंजिनांचं विमान उड्डाणाच्या तयारीत होतं आणि त्याच्या मागे एक छोटं पायपर चेरोकी. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारलं की धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे की निघणार आहे. उत्तर आलं, उड्डाणासाठी थांबलो आहे अशा अर्थाचं. ते उत्तर चेरोकीच्या वैमानिकाचं होतं. त्याच क्षणी बीच विमानातल्या जमिनीची उंची सांगणाऱ्या यंत्राचा आवाज मध्ये आला आणि त्या उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. चालक दलाला वाटलं, किंग एअर थांबतंय. किंग एअर मात्र निघालं. दोन धावपट्ट्या छेदतात तिथे टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले. ही टक्कर जमिनीवरची होती, पण धडा हवेला तसाच लागू आहे. रेडिओवरून मिळालेलं उत्तर म्हणजे तुमच्या प्रश्नाचंच उत्तर, आणि तुम्ही ज्याला विचारलं त्याचंच, असं नसतं. किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओकडे आणि समोरच्या वाहतुकीकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, हे तपासात मुख्य कारण ठरलं, आणि अर्धवट ऐकू आलेल्या उत्तराचा वाटाही नोंदवला गेला.

रेडिओच्या सवयींमध्ये एक मला खटकते ती अशी: दहा मैलांवरून ‘या भागात कोणी असेल तर कळवा’ असं सगळ्यांना सांगणं. ऐकायला काळजीपूर्वक वाटतं. होतं असं की चार जण एकदम उत्तर देतात, एकमेकांचे आवाज दाबतात, आणि ऐकू येते ती फक्त शिट्टी. शिवाय जे बोलणार होते ते तसंही ठरलेल्या जागी बोललेच असते. एफएएने हे वाक्य वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं आहे. तरी ते ऐकू येतंच.

दुसरी सवय उपकरणांवर उडणाऱ्यांची. ते ‘अमुक बिंदू ओलांडला’ असं सांगतात. तो बिंदू त्यांच्या उपकरण-मार्गाच्या नकाशावर असतो. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला ते नावच ठाऊक नसतं. ‘दक्षिणेला पाच मैल, २,००० फुटांवर’ असं म्हटलं तर सगळ्यांना कळतं.

आणि काही विमानांत रेडिओच नसतो. १९३०-४० च्या दशकांतली काही विमानं आजही उडतात, त्यांत वीजच नाही. अमेरिकेत बहुतेक बिनटॉवरच्या विमानतळांवर त्यांना कायद्याने येता येतं. म्हणजे रेडिओवर शांतता आहे म्हणून आकाश रिकामं आहे, असं म्हणता येत नाही. चुकीची फ्रिक्वेन्सी लावलेला वैमानिकही याच वर्गात मोडतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

रेडिओ दोघांकडे असून, दोघं बोलत असूनही काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल. १८ ऑगस्ट २०२२. एक सेसना १५२, दोन आसनांचं छोटं विमान, सर्किटमध्ये फेऱ्या मारत होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलला येत होतं आणि तसं रेडिओवर सांगतही होतं. सर्किटमधल्या वैमानिकाच्या लक्षात आलं की मागचं विमान फार वेगाने येतंय, आणि आपण न उतरता पुढे निघतो असं त्याने कळवलंही. तोवर उशीर झाला होता. त्या टकरीत दोन्ही विमानांतले तिन्ही जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन इंजिनांच्या विमानाच्या वैमानिकाने दुसरं विमान पाहून चुकवलं नाही, हे कारण नोंदवलं.

सरळ फायनलला येणं बेकायदा नाही, आणि कमी ढगांतून उपकरणांवर येणाऱ्याला दुसरा मार्गही नसतो. पण स्वच्छ हवेत, सर्किटमध्ये विमानं असताना असं येण्यात एक असमानता आहे. सर्किटमधला वैमानिक बेसवर वळताना फायनलकडे नजर टाकतो आणि रिकामी वाटली तर वळतो. त्याच्या डोक्यातलं वेळेचं गणित स्वतःच्या ६०-७० नॉटवर बेतलेलं असतं. तीन मैलांवरचं विमान म्हणजे भरपूर वेळ, असं त्याला वाटतं. ७० नॉटने येणाऱ्याला ते अंतर कापायला अडीच मिनिटं लागतात, १८० नॉटने येणाऱ्याला एकच मिनिट. दोघंही ‘तीन मैल’ म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगवेगळा काळ असतो. म्हणून सरळ येणाऱ्याने सर्किटच्या ओघात अडथळा आणू नये, अशी अपेक्षा आहे. माझं मत विचाराल तर अंतरासोबत वेळ सांगावी: ‘तीन मैल, एक मिनिट’. आणि वेग दहा मैलांवरच उतरवायला घ्यावा, दोन मैलांवर नव्हे.

आता प्रश्न येतो तंत्रज्ञानाचा. १९५६ साली ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण गेले. तीही दोन विमानं तेव्हा ‘पाहा आणि चुकवा’ याच तत्त्वावर उडत होती. त्यानंतर १९५८ मध्ये एफएएची स्थापना करणारा कायदा आला आणि मोठ्या विमानांना रडारच्या नजरेखाली आणलं गेलं. छोट्यांकडे डोळेच राहिले. गेल्या काही वर्षांत त्यात एडीएस-बी आलं: विमान आपली उपग्रहांवरून काढलेली जागा दर सेकंदाला प्रसारित करतं आणि दुसऱ्या विमानातला छोटा रिसीव्हर ती टॅबलेटच्या पडद्यावर दाखवतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या आणि उंच हवाई क्षेत्रांत जागा प्रसारित करणं सक्तीचं आहे. ग्लायडरवाले तर २००४ पासून फ्लार्म नावाचं असंच यंत्र वापरत आले आहेत आणि युरोपात ते चांगलंच रुळलं आहे.

उपयोग खरा आहे. ती आठपट इथे अक्षरशः हातात मिळते: कुठे पाहायचं ते पडदा सांगतो. पण बरेचसे बिनटॉवरचे छोटे विमानतळ सक्तीच्या क्षेत्राबाहेर आहेत. दुसऱ्याचं प्रसारण ऐकणं तर कुठेच सक्तीचं नाही. वीज नसलेल्या जुन्या विमानांना सूट आहे. म्हणजे पडद्यावर दिसत नाही ते नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही. सर्किटमध्ये तर पडद्यावर चार त्रिकोण एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यातला कुठला काय करतोय हे उलगडेपर्यंत डोळे बारा सेकंद आत अडकतात. दहा मैलांवर पडदा, सर्किटमध्ये काच, अशी विभागणी मला शहाणपणाची वाटते.

राहिली ती दिसत नसेल तेव्हाची गोष्ट. रेडिओवर कोणीतरी म्हणतंय की बेसवर आहे, आणि तुम्ही बेसवर वळणार आहात, पण तो दिसत नाही. अशा वेळी बहुतेक नवखे वैमानिक अंदाज बांधून वळतात, कारण ठरलेल्या वेळी वळायचं ही सवय पक्की असते. योग्य ते असं: वळायचं नाही. विचारायचं, ‘कुठे आहेस? उंची?’ उत्तर मिळेपर्यंत डाउनविंड लांबवायची किंवा सर्किटमधून बाहेर पडून पुन्हा नीट शिरायचं. फायनलवर असताना शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर. मात्र धावपट्टीवरून कोणी उड्डाण करत असेल तर सरळ वर जाऊ नये, थोडं बाजूला सरकावं, म्हणजे खालून वर येणारा दिसत राहतो. आणि धावपट्टीवर जाण्याआधी जमिनीवरच विमान थोडं वळवून फायनल आणि बेस दोन्ही पाहून घ्यायचं. वरच्या पंखांच्या विमानात वळण्याआधी ज्या बाजूला वळायचं तिकडचा पंख क्षणभर उचलून खालून पाहायचं. लँडिंग लाइट दिवसाही लावून ठेवायचा. समोरून पाहणाऱ्याला बारीक रेघेपेक्षा प्रकाशाचा ठिपका आधी दिसतो.

छोट्या विमानात प्रवासी म्हणून बसायची वेळ आली तर एक काम तुम्हालाही करता येतं. विमान दिसलं की वैमानिकाला सांगा, तो गप्प असला तरी, आणि त्याला ते दिसलंच असेल असं गृहीत धरू नका. ‘ते बघ, तिकडे’ याचा उपयोग नाही. विमानाचं नाक म्हणजे घड्याळातले बारा धरायचे, उजवा पंख म्हणजे तीन, डावा म्हणजे नऊ, आणि मग वर, खाली की समान उंचीवर ते सांगायचं: ‘दोन वाजता, थोडं वर, आपल्याकडे येतंय.’ वैमानिक ‘दिसलं’ म्हणेपर्यंत बोट आणि नजर दोन्ही तिथेच ठेवायची, कारण एकदा नजर हटली की तो ठिपका पुन्हा सापडायला वेळ लागतो.